ऑर्वेलवर अर्धा तास बोलायचंय, काय घेऊ नि काय सोडू?

मेधा_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. आमचा दांडिया बाजारात एक छोटा वाचनगट आहे, दर महिन्याला एकाने एका लेखकावर बोलायचं आणि मग चहा नि गप्पा. पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे आणि मी जॉर्ज ऑर्वेल घेतलाय. गटात बहुतेक आपली बडोद्याची मराठी मंडळी, काही गुजराती बेन आहेत, आणि युनिव्हर्सिटीतली थोडी मुलं. 'ॲनिमल फार्म' जवळपास सगळ्यांनी कधी ना कधी वाचलंय, '१९८४' चं निदान नाव तरी माहीत आहे, पण ऑर्वेल म्हटलं की डुकरं आणि बिग ब्रदर, त्यापुढे कोणी जात नाही.

मला नेमकं त्यापुढे जायचंय. गेले काही महिने मी त्याचे लेख आणि रिपोर्ताज वाचतेय आणि मला तो आधी पत्रकार वाटायला लागलाय, म्हणजे जिथलं लिहायचं तिथे जाऊन राहायचं, स्वतःच्या अंगावर घ्यायचं आणि मग लिहायचं, आणि कादंबऱ्या सगळ्या त्याच मातीतनं उगवल्यात. पण माणूस ४६ वर्षं जगला आणि त्यात काय काय केलं बघा, पोलीस, हॉटेलात भांडी घासणारा, मास्तर, पुस्तकाच्या दुकानातला नोकर, सैनिक, रेडिओवाला, संपादक. हे सगळं सांगायला गेले तर नुसती जंत्री होईल आणि लोक मोबाइल काढतील. तुम्ही असता तर कुठल्या तीन-चार गोष्टींवर थांबला असता?

आणि दुसरं, तो बीबीसीत असताना मराठीतल्या रेडिओ बातमीपत्रांसाठी लिहायचा असं एका नातेवाइकांकडून ऐकलं. खरं आहे का हे? असेल तर आमच्या गटासाठी हीच सगळ्यात मोठी गोष्ट होईल.

रावपुरा_जुना_वाचक
मेधाताई, विषय फार चांगला निवडलात. मी निवृत्त माणूस, ऑर्वेल माझा तरुणपणापासूनचा, त्यामुळे जरा लांबेल, चालवून घ्या.

जन्मापासून सुरू करा पण तिथे रेंगाळू नका. एरिक आर्थर ब्लेअर, २५ जून १९०३, मोतिहारी. हेच मोतिहारी चंपारणचं, जिथे १९१७ मधे गांधीजी निळीच्या शेतकऱ्यांसाठी गेले. वडील सरकारच्या अफू खात्यात नोकरीला, आईचं बालपण ब्रह्मदेशात मोलमीनला गेलेलं. वर्षभराचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला गेली. पुढे ईटनला स्कॉलरशिपवर शिकला, पण मुलं जशी तिथून ऑक्सफर्ड-केंब्रिजला जातात तसा गेला नाही, १९२२ मधे इंडियन इंपीरियल पोलिसात भरती होऊन ब्रह्मदेशात गेला, वय अवघं १९.

इथे थांबा. माझ्या मते त्याचं सगळं लिखाण या पाच वर्षांतनं सुरू होतं. लाठी त्याच्या हातात होती, साम्राज्य वाईट हे त्याला कोणी पुस्तकातनं शिकवलं नाही, तो स्वतः त्या यंत्राचा भाग होता आणि त्याची त्याला आतून लाज वाटत होती, १९२७ मधे रजेवर घरी गेला तो परत आलाच नाही, नोकरी सोडली. त्यानंतर १९३१ मधे त्याने एका फाशीवर छोटा लेख लिहिला. तुरुंगात सकाळी एका हिंदू कैद्याला फाशीच्या चौथऱ्याकडे नेतायत, शिपायांनी दोन्ही बाजूंनी धरलंय, आणि वाटेत पाण्याचं डबकं येतं तर तो माणूस पाय ओला होऊ नये म्हणून थोडा बाजूला सरकतो. एवढंच. आणि लिहिणाऱ्याला त्या क्षणी कळतं की आपण एका धडधाकट जिवंत माणसाला संपवतोय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला होता. गटात हा लेख वाचूनच दाखवा, चार-पाच पानांचा आहे, त्याच्याबद्दल बोलण्यापेक्षा तो ऐकवणं जास्त चांगलं. हत्तीवाला लेख, १९३६ चा, तोही त्याच जातीचा, मोलमीनमधे पिसाळलेला हत्ती शांत झालेला असतो, मारायची काही गरज नसते, पण मागे दोन हजार माणसं बघतायत म्हणून साहेबाला गोळी घालावी लागते. सत्ता गाजवणाराच कसा गुलाम होतो ते त्या एका गोष्टीत सगळं आलं.

पॅरिस आणि लंडनची गरिबी थोडक्यात सांगा. हॉटेलच्या तळघरात भांडी घासली, लंडनमधे भिकाऱ्यांबरोबर निवारागृहात झोपला, त्यावरचं पुस्तक १९३३ मधे आलं आणि तेव्हाच 'जॉर्ज ऑर्वेल' हे नाव घेतलं, ऑर्वेल ही सफकमधली नदी. घरच्यांना त्या पुस्तकामुळे संकोच वाटू नये हा एक हेतू. १९३४ मधे ब्रह्मदेशावरची कादंबरी आली, ती आधी अमेरिकेत छापली गेली कारण इंग्लंडच्या प्रकाशकाला अब्रूनुकसानीच्या दाव्याची धास्ती होती, पात्रं इतकी खऱ्या माणसांवर बेतलेली.

मग १९३६ चं सुरुवातीचं थंडीतलं उत्तर इंग्लंड. विगनच्या कोळसा खाणीत उतरला. सहा फुटांवर उंची, आणि खाणीत कोळशाच्या तोंडापर्यंत पोचायला वाकून, रांगत मैलभर जायचं, मजूर रोज जातात, आणि त्या चालण्याचा पगार नाही. हा मुद्दा माझ्या डोक्यात कायम बसलाय, कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो मिळत नाही, तिथे गेल्याशिवाय कळत नाही. पुस्तक लेफ्ट बुक क्लबने काढलं, ४० हजारांवर प्रती गेल्या, आणि त्याच्या उत्तरार्धात त्याने डाव्या मध्यमवर्गीयांनाच इतकं सुनावलं की प्रकाशकाला स्वतःची प्रस्तावना जोडून वाचकांना सावध करावं लागलं!

आणि स्पेनचं यादवी युद्ध. डिसेंबर १९३६ ला गेला तो लिहायला म्हणून, पोचल्यावर बंदूकच हातात घेतली. २० मे १९३७ ला वेस्काजवळ मानेतनं गोळी आरपार गेली, मुख्य रक्तवाहिनी जेमतेम वाचली. पण खरा घाव पुढे बसला. ज्या पक्षाच्या तुकडीत तो लढत होता त्याच पक्षाला स्टालिनच्या लोकांनी फॅसिस्टांचे हस्तक ठरवलं, सोबत्यांना तुरुंगात टाकलं, तो आणि बायको कसेबसे जूनमधे फ्रान्समधे निसटले. आणि लंडनला येऊन बघतो तर वर्तमानपत्रांत न झालेल्या लढायांची वर्णनं आणि झालेल्या लढायांचा उल्लेखही नाही. '१९८४' मधलं ते जुने पेपर बदलत बसणारं खातं तुम्हाला तिथेच सापडेल. स्पेनवरचं पुस्तक १९३८ मधे १५०० प्रतींचं छापलं, आणि तेवढ्याही त्याच्या हयातीत संपल्या नाहीत. आज ते त्याचं सर्वात चांगलं पुस्तक मानणारे खूप आहेत, मीही त्यातलाच.

बीबीसीबद्दल मला मोघम माहिती आहे, दुसरं कोणी सांगेल.

अलकापुरी_रेडिओ
रावपुरावाले काका, मी सांगतो, हा माझा आवडता विषय आहे :)

मेधाताई, होय, खरं आहे. ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ ऑर्वेल बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमधे, इंडियन सेक्शनला होता. छाती आधीपासूनच खिळखिळी, त्यामुळे सैन्याने घेतलं नाही. तिकडे बर्लिनहून सुभाषबाबूंचं रेडिओ प्रक्षेपण सुरू झालेलं, जपान ब्रह्मदेशात घुसलेला, आणि इंग्रजांना भारतातला शिकलेला वर्ग आपल्या बाजूला राहावा असं वाटत होतं. त्यासाठी हा विभाग. ऑर्वेल दर आठवड्याला युद्धाच्या घडामोडींवर बातमीपत्र लिहायचा, एक इंग्रजीत वाचलं जायचं, आणि त्याने लिहिलेले मूळ इंग्रजी मसुदे भाषांतर होऊन मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत जायचे. म्हणजे १९४२ मधे आपल्या इथे कोणाच्या घरी शॉर्टवेव्हचा सेट असेल आणि लंडन लावलं असेल तर मराठीतनं किंवा गुजरातीतनं ऑर्वेलचेच शब्द कानावर येत असणार, फक्त ते कोणाचे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हतं. तुमच्या गटात मराठी-गुजराती दोन्ही आहेत ने, मग दोघांनाही हे आपलं वाटेल.

आता त्याहून भारी गोष्ट. वेणू चितळे हे नाव ऐकलंय का? कोल्हापूरजवळच्या शिरोळची, जन्म १९१२, पुढे इंग्लंडला गेली आणि युद्धाच्या काळात बीबीसीत काम करायला लागली. ती ऑर्वेलची सहकारी होती, त्याची सेक्रेटरी म्हणूनही तिने काम केलं. एक फोटो नेटवर सहज सापडतो, १९४२ चा, 'व्हॉइस' नावाच्या कवितांच्या रेडिओ मासिकाच्या वेळचा. टेबलाभोवती टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, जमैकाची कवयित्री युना मार्सन, श्रीलंकेचा तंबिमुत्तू, नारायण मेनन, मागे उभे ऑर्वेल आणि विल्यम एम्पसन, आणि त्याच टेबलाशी बसलीये आपली वेणू चितळे. इंग्रजी साहित्याची इतकी मोठी माणसं आणि त्यांच्यात शिरोळची मुलगी, आणि आपल्याकडे मराठीच्या प्राध्यापकांनाही हे नाव विचारलं तर बघत राहतात, मला याचं खरंच वाईट वाटतं. युद्धानंतर ती भारतात परतली, १९५० मधे तिची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी मुंबईला प्रसिद्ध झाली, पुण्यातल्या एका ब्राह्मण कुटुंबाच्या तीन पिढ्या, दोन महायुद्धांच्या मधला काळ, प्रस्तावना मुल्कराज आनंदांची. १९९५ मधे ती गेली.

ऑर्वेलने तिथे नुसता प्रचार केला असं समजू नका. भारतीय युनिव्हर्सिट्यांच्या बीएच्या अभ्यासक्रमाला धरून इंग्रजी साहित्यावर व्याख्यानं लावली, एलियट, कादंबरीकार फॉर्स्टर, एम्पसन यांना माइकसमोर बसवलं. फॉर्स्टर तर नेमाने भारतासाठी पुस्तकांवर बोलायचा. पण स्वतःच्या मनात कुरतडत होतंच, कारण तो स्वतः भारताच्या स्वातंत्र्याच्या बाजूचा, आणि काम सरकारचं. ऑगस्ट १९४२ मधे गांधी-नेहरूंना पकडलं तेव्हा त्याच्या डायरीत तो संताप दिसतो. त्याच वर्षी जेव्हा त्याला सांगितलं की तू स्वतःच्या नावाने बोल, तेव्हा त्याने लेखी कळवलं की भारतात माझं जे काही नाव आहे ते साम्राज्याविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकांमुळे आहे, तेव्हा मला मोकळीक असेल तरच ऑर्वेल म्हणून बोलण्यात अर्थ आहे. हे मला फार मोठं वाटतं. नोकरी करताना किती लोक असं लिहून देतात?

स्पेनमधल्या गोळीमुळे आवाज बारीक आणि चिरका झालेला, वरच्या एका साहेबाने तक्रारसुद्धा केली होती की हा आवाज रेडिओला चालणार नाही. आणि इतकं सगळं बोलून त्याच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आज उपलब्ध नाही. सप्टेंबर १९४३ मधे राजीनामा दिला, कारण असं की माझा वेळ आणि लोकांचा पैसा ज्यातनं काही निष्पन्न होत नाही अशा कामात वाया जातोय. ती सगळी स्क्रिप्टं बीबीसीच्या दप्तरात पडून होती, १९८० च्या दशकात एका संशोधकाने शोधून काढून छापली तेव्हा कुठे जगाला कळलं.

कँटीनमधला उकडलेल्या कोबीचा वास, सेन्सॉरचा शिक्का मारलेली प्रत्येक ओळ, मीटिंगची १०१ नंबरची खोली, हे सगळं '१९८४' मधे आलंय. म्हणून मी म्हणेन बोलण्याचा मधला मोठा भाग हाच ठेवा.

देवास_ते_इंदूर
मी इंदूरकडचा, बडोदेकरांच्या गप्पांत शिरतोय पण राहवलं नाही.

अलकापुरीवाल्यांनी फॉर्स्टर म्हटलं म्हणून. फॉर्स्टर आमच्या देवासला १९२१ मधे थोरल्या पातीच्या महाराजांचा, म्हणजे तुकोजीराव पवारांचा प्रायव्हेट सेक्रेटरी होता हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण फॉर्स्टरला देवासला आणलं कोणी, तर त्याचा मित्र माल्कम डार्लिंग, जो आयसीएस होता आणि आधी तुकोजीरावांचा शिक्षक होता. आणि हाच डार्लिंग युद्धाच्या काळात लंडनला बीबीसीच्या भारतीय विभागाचा संपादक होता. म्हणजे ज्या इमारतीत ऑर्वेल मराठी बातमीपत्राचे मसुदे लिहीत होता त्याच इमारतीत मराठी दरबाराशी जुना संबंध असलेला माणूस बसला होता. मला हे कळलं तेव्हा मी घरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

आणि अफूचं. ऑर्वेलचे वडील ज्या खात्यात होते ते बिहारकडचं, तिथे शेतकऱ्याने खसखस लावायची ती सरकारसाठीच, पूर्ण मक्तेदारी, माल चीनला. आमच्या माळव्यात अफू व्हायची ती होळकर-शिंद्यांच्या संस्थानांत, तिथे इंग्रजांची मक्तेदारी चालत नव्हती म्हणून मुंबईला जाणाऱ्या पेट्यांवर ते कर लावायचे. मुलाने पुढे साम्राज्याला उघड उघड दरोडा म्हटलं ते घरच्या जेवणाचा पैसा कुठनं आला हे माहीत असताना म्हटलं, हा मुद्दा मेधाताई नक्की घ्या.

फतेहगंजची_रेवा
मेधाताई मी एमेला आहे, मला तुमच्या गटात यायला आवडेल!! तिघांनी सगळं भारी लिहिलंय पण एक नाव कोणीच नीट घेतलं नाही, आयलीन. काकांनी नुसतं 'बायको' लिहून सोडून दिलं :( म्हणून मी लिहिते.

आयलीन ओशॉनेसी, ऑक्सफर्डला इंग्रजी शिकलेली, नंतर मानसशास्त्रात एमए करत होती, ते अर्धवट सोडून १९३६ मधे ऑर्वेलशी लग्न केलं आणि वॉलिंग्टन नावाच्या खेड्यात राहायला गेली जिथे घरात वीज नाही, छप्पर पत्र्याचं, कोंबड्या, बकऱ्या आणि एक किराणा दुकान. स्पेनला तीही गेली होती, बार्सिलोनात पक्षाच्या ऑफिसात काम करायची, पोलिसांनी हॉटेलच्या खोलीवर धाड टाकली तेव्हा ती एकटी तिथे होती, आणि ऑर्वेल आघाडीवरून आला तेव्हा लॉबीतच त्याला सावध करून बाहेर काढलं ते तिने. तो जिवंत परतला याचं अर्धं श्रेय तिचं आहे असं मी म्हणते. युद्धात घर चाललं ते बरंचसं तिच्या नोकरीवर, आधी सेन्सॉरशिप खात्यात आणि मग अन्न मंत्रालयात. म्हणजे सेन्सॉरचं आतलं जग तर तिनेच घरी आणलं असणार ना? आणि लग्नाच्याही आधी, १९३४ मधे, तिने आपल्या शाळेच्या पन्नास वर्षांनिमित्त एक कविता लिहिली होती जिच्या शीर्षकात '१९८४' हे साल आहे. त्यावरून कादंबरीचं नाव आलं असं मी म्हणत नाही, पण कविता आहे.

'ॲनिमल फार्म' तर ती दोघं मिळून रोज रात्री बोलायची, नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ मधे लिहून झालं, लंडनच्या त्या थंडीत एकच खोली गरम म्हणून अंथरुणात बसून तो तिला दिवसभरात लिहिलेलं वाचून दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात मैत्रिणींना सांगायची. त्याच्या बाकीच्या कादंबऱ्यांत जी गोडी आणि नेमकेपणा नाही तो त्यात आहे आणि त्यात तिचा वाटा आहे असं तिच्या ओळखीची माणसंच सांगत आली. छापायला मात्र कोणी तयार नाही, रशिया तेव्हा दोस्त राष्ट्र. गोलान्झने नाकारलं, केपने आधी हो म्हटलं आणि मग माहिती मंत्रालयातल्या एका अधिकाऱ्याला विचारून नाही म्हटलं (तो अधिकारी सोव्हिएत हस्तक निघाला नंतर!), आणि फेबरकडून नकाराचं पत्र लिहिलं ते टी. एस. एलियटने, तोच, फोटोतला. जून १९४४ मधे घरावर उडता बॉम्ब पडला तेव्हा हस्तलिखित ढिगाऱ्यातनं काढलं. शेवटी १७ ऑगस्ट १९४५ ला आलं, पहिली आवृत्ती ४५०० ची.

आणि आयलीनने ते छापलेलं बघितलंच नाही. मूल दत्तक घेतलेलं, रिचर्ड, जेमतेम दहा महिन्यांचा, ऑर्वेल ऑब्झर्व्हर या वृत्तपत्राचा युद्ध वार्ताहर म्हणून युरोपात, आणि २९ मार्च १९४५ ला न्यूकॅसलला ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेली असताना ती गेली, वय ३९. ऑपरेशनला जाताना तिने त्याला पत्र लिहायला घेतलं होतं, ते अर्धंच राहिलं. ताई प्लीज तिला दोन मिनिटं तरी द्या.

मेधा_दांडियाबाजार
बापरे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! रेवा, तू ये नक्की, आणि आयलीनवर तूच बोल, तू माझ्यापेक्षा चांगलं बोलशील. देवासवाले दादा, अफूचा मुद्दा घेतेच. आणि वेणू चितळे!! मी पुण्यात शिकले, घरात इतकी पुस्तकं, आणि हे नाव आज पहिल्यांदा वाचतेय.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. गटात एक गांधीवादी काका आहेत, ते विचारणारच की ऑर्वेल गांधींबद्दल काय म्हणाला. आणि युनिव्हर्सिटीतल्या एका मुलाने आत्ताच मेसेज केलाय की ऑर्वेलने शेवटी सरकारला कम्युनिस्टांची नावं कळवली होती, मग कसला मोठा माणूस. मला हे टाळायचं नाहिये, उत्तर द्यायचंय.

रावपुरा_जुना_वाचक
रेवा, तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य, मी लिहायला हवं होतं.

मेधाताई, गांधींवरचा लेख जानेवारी १९४९ चा, अमेरिकेतल्या पार्टिझन रिव्ह्यूत आलेला, म्हणजे ऑर्वेलच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या वर्षाचा. सुरुवातच तो अशी करतो की संत म्हटला की निर्दोष सिद्ध होईपर्यंत त्याला दोषीच धरावं. ब्रह्मचर्य, आहाराची तत्त्वं, जवळच्या माणसांवर वेगळं प्रेम नको हे त्याला पटत नाही, तो म्हणतो माणूस असणं म्हणजेच पूर्णत्व न शोधणं. आणि एक राजकीय शंका काढतो जी आजही विचार करायला लावते, की गांधींची पद्धत चालली कारण इंग्रजांच्या राज्यात निदान बातमी छापून येत होती, जिथे विरोधक रात्रीतून गायब होतो आणि पुन्हा त्याचं नावही ऐकू येत नाही तिथे सत्याग्रह लोकांपर्यंत पोचणार कसा? पण त्याच लेखात गांधींच्या धैर्याबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल, वंशद्वेष मनात नसण्याबद्दल तो इतकं मोकळेपणाने लिहितो की शेवटी बाकीच्या पुढाऱ्यांपेक्षा हा माणूस किती स्वच्छ वास मागे ठेवून गेला यावर येतो. आत्मकथेची सुरुवातीची प्रकरणं त्याने एका भारतीय वर्तमानपत्रातनं आली तेव्हाच वाचली होती, आणि त्यांची छाप त्याच्यावर चांगली पडली होती. तुमच्या गांधीवादी काकांना हा लेख आधी वाचायला द्या, आवडेल.

यादीचं. मे १९४९ मधे, क्रॅनहॅमच्या सॅनेटोरियममधे पडल्या पडल्या त्याने परराष्ट्र खात्याच्या एका नव्या माहिती विभागाला ३८ नावं दिली, ओळखीची एक बाई तिथे काम करत होती तिच्या हाती. ही माणसं कम्युनिस्टधार्जिणी आहेत, प्रचाराच्या लिखाणाचं काम यांच्यावर सोपवू नका, एवढाच हेतू. कोणी त्यापायी तुरुंगात गेलं नाही. प्रकरण १९९६ मधे बाहेर आलं आणि यादी २००३ मधे छापली गेली. मला विचाराल तर हे त्याने करायला नको होतं. स्पेनमधे अशाच याद्यांवरून मित्र तुरुंगात मेलेले पाहिलेला माणूस, त्याने तरी सरकारच्या हाती यादी द्यायला नको होती, आजारपण हे कारण मला पुरत नाही. त्या मुलाला हे सरळ सांगा. आणि हेही सांगा की त्याच माणसाने ब्रिटनमधे कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालायला विरोध केला होता. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही त्याचंच आहे.

अलकापुरी_रेडिओ
काकांशी यादीच्या बाबतीत पूर्ण सहमत.

शेवटच्या वर्षांचं थोडं सांगून ठेवतो, कारण लोकांना वाटतं '१९८४' म्हणजे कुठल्या ऑफिसात बसून केलेलं भाकीत. १९४६ पासून तो स्कॉटलंडच्या जुरा बेटावर बार्नहिल नावाच्या एकाकी घरात राहत होता, जवळचं दुकान पंचवीस मैलांवर, घरात वीज नाही. १९४७ च्या शेवटी टीबीचं निदान झालं, ग्लासगोजवळच्या हॉस्पिटलात महिनोन् महिने. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिन नवीन औषध, ब्रिटनमधे मिळत नव्हतं, ऑब्झर्व्हरच्या डेव्हिड ॲस्टरने अमेरिकेतनं मागवलं, आरोग्यमंत्री बेव्हनची परवानगी काढून. त्याला ते सोसलं नाही, कातडी निघाली, घशात फोड, नखं गेली. थोडा बरा झाला की परत जुराला, आणि टायपिस्ट कोणी तिथवर यायला तयार नाही म्हणून १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ताप असताना पलंगावर बसून पूर्ण कादंबरी स्वतः टाइप केली. ८ जून १९४९ ला पुस्तक आलं, २१ जानेवारी १९५० ला तो गेला. त्याच्या आधी ऑक्टोबरमधे हॉस्पिटलच्याच खोलीत सोनिया ब्राउनेलशी लग्न केलं होतं.

फोटो मोठा प्रिंट काढून घ्या मेधाताई, प्रोजेक्टर नसेल तर चार्टपेपरवर, प्रत्येकाचं नाव खाली लिहून. आणि 'इन ट्रान्झिट' जुनं पुस्तक आहे, दुकानात मिळायचं नाही, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आणि युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत आधी कॅटलॉग बघा. कुठे मिळालं तर इथे लिहा, मी मागे लागलोच आहे, आणि मिळालं तर पुढच्या वेळी तुमच्या गटात वेणू चितळेवर मी बोलायला येतो.

फतेहगंजची_रेवा
दादा मी उद्याच युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बघते आणि इथे लिहिते.